उतरवणारे आणि मोजणारे

महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवर जुन्या पिढीतल्या कुणालाही विचारा, विंचू उतरवणाऱ्या एखाद्याचे नाव चटकन कळते. कुणी मंत्र पुटपुटत कडुनिंबाच्या डहाळीने वरून खाली झाडतो, कुणी अंगारा लावतो, कुणी दंशावर मुळी फिरवतो. भगत, देवरुषी, मांत्रिक, जाणता अशी नावे वेगवेगळी, पण दावा एकच असतो. डोळ्यांना न दिसणारी एक शक्ती आहे, ती काही माणसांना साधते आणि तिच्यामुळे विष उतरते, हरवलेली वस्तू सापडते, जमिनीखालचे पाणी कळते, उद्याचे आज दिसते.

हा दावा खरा की खोटा, यावर आपल्याकडे बहुधा भांडणच होते. एक बाजू अनुभवाचे दाखले देते, दुसरी हसून उडवून लावते. शास्त्रज्ञांनी मात्र या प्रश्नाला गेली पावणेदोनशे वर्षे गंभीरपणे हात घातला आहे. त्यात नोबेल मिळवलेले लोक होते आणि काहींनी तर अख्खी हयात त्यात घातली. त्या साऱ्या खटाटोपातून काय हाती लागले, याचा हा आढावा आहे. तो महाडपासून सुरू करायला कारण आहे. मंत्राने विष उतरते का, या प्रश्नाचे सर्वांत भक्कम उत्तर याच तालुक्यातल्या रुग्णांच्या नोंदींतून मिळाले.

बिरवाडीच्या नोंदी

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. मूळचे ते जालना जिल्ह्यातले, शिक्षण नागपूरचे. जांभ्याची जमीन, कौलारू घरे, पेंढ्यांचे आणि लाकडांचे ढीग असलेल्या या मुलखात लाल विंचवाचा दंश नित्याचा होता. धडधाकट मूल संध्याकाळी दंश होऊन येई आणि पहाटेपर्यंत दगावे. वैद्यकाच्या पुस्तकांत याला धड उपाय नव्हता.

बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून टिपणे करू लागले. उलट्या कधी सुरू झाल्या, घाम किती आला, लाळ गळते का, हातपाय गार पडले का, नाडी आणि रक्तदाब दर थोड्या वेळाने किती, हे सारे ते लिहून ठेवत. त्यातून उलगडले ते असे: लाल विंचवाचे विष मज्जातंतूंना चिथावते, ॲड्रेनॅलिनसारखी संप्रेरके शरीरात उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. १९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा या पूर्वलक्षणांवरचा लेख आला. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध या रुग्णांना वाचवते, हे त्यांनी १९८६ साली त्याच नियतकालिकात मांडले. त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत, ते प्रमाण एकावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

बावस्कर मंत्राची परीक्षा घ्यायला आले नव्हते. पण त्यांच्या नोंदींनी मंत्राच्या यशाचा हिशेब आपोआप लागला. विंचवाचे बहुतेक दंश साधे असतात. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, ठणका जीवघेणा, पण माणूस सहसा मरत नाही. कळ काही तासांत, फार तर दिवसाभरात, आपली आपण ओसरते. अशा रुग्णावर मंत्र म्हटला, मुळी फिरवली किंवा काहीच केले नाही, तरी तो बरा होणारच. उतरवणाऱ्याच्या खात्यावर ही सारी माणसे यश म्हणून जमा होतात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ज्यांच्या हृदयावर विषाचा परिणाम होतो, त्यांतल्या अनेकांना दंशाच्या जागी फारशी कळच नसते, असे बावस्करांना दिसले. उतरवणारा विचारतो, 'आता कुठवर आलंय? मांडीला? गुडघ्याला?' कळ खाली आली की विष उतरले, हा त्याचा निकष. पण खऱ्या धोक्याच्या रुग्णाला कळ कमी आणि घाम, उलट्या, गार हातपाय जास्त. म्हणजे ज्या खुणेवर मांत्रिक 'उतरला' म्हणतो, ती खूण नेमक्या मरणाच्या दारातल्या रुग्णाच्या बाबतीत फसवी ठरते. यात मांत्रिकाची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. त्याने बरे झालेले पाहिले, घरी नेल्यावर पहाटे दगावलेला बहुधा पाहिलाच नाही.

बावस्करांनी पुढे स्वतःच्या उपचारालाही हाच न्याय लावला. विंचवाची प्रतिलस निघाल्यावर प्राझोसिनसोबत ती द्यावी की नुसते प्राझोसिन पुरे, हे ठरवायला महाडच्या रुग्णालयात ७० रुग्णांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट पाडले गेले. दहा तासांत लक्षणे पूर्ण ओसरलेले रुग्ण प्राझोसिनसोबत प्रतिलस दिलेल्या गटात ३५ पैकी ३२ आणि नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८ निघाले. हा अभ्यास २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. आपल्याच औषधाला आणखी चांगल्या उपचाराशी झुंजवणे आणि आकडे जगापुढे ठेवणे, ही तयारी कोणत्याही अद्भुत दाव्याच्या बाबतीत पहिली अट आहे.

पालखीची ओढ आणि पाणाड्याची काठी

आता दुसऱ्या दाव्याकडे वळू: वस्तू आपण होऊन हलते. कोकणात शिमग्याला काही ठिकाणी जमिनीत नारळ पुरून ठेवतात आणि देवाची पालखी तो शोधून काढते. भोई शपथेवर सांगतात की आम्ही पालखी नेत नाही, पालखी आम्हाला ओढते. ते खोटे बोलत नाहीत. हेच लंडनमध्ये १८५३ साली मायकेल फॅरडे यांच्यापुढे आले होते. तेव्हा युरोपभर लोक टेबलाभोवती हात टेकून बसत आणि टेबल फिरू लागले की आत्मा आला म्हणत. विजेच्या अभ्यासात ज्यांचे नाव अजरामर आहे, त्या फॅरडेंनी हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे सरकते थर ठेवले. टेबल आधी हलले असते तर खालचा थर पुढे गेला असता. प्रत्यक्षात वरचा थर आधी सरकला, म्हणजे हातच आधी हलले होते. बसणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. आपल्या हालचालीची खूण दाखवणारा काटा समोर ठेवताच टेबल फिरायचे थांबले.

मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत त्या दिशेने काम करतात. विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ साली हे तत्त्व मांडले होते, आणि लोलकाच्या बाबतीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३३ सालीच ते दाखवले होते. प्लँचेटची वाटी सरकते ती याच कारणाने. पालखीतली श्रद्धा हा वेगळा विषय आहे आणि तिला इथे कुणी आव्हान देत नाही. प्रश्न फक्त ओढ कुठून येते याचा आहे.

पाणाड्यालाही हेच लागू पडते. महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यांत वरच्या वाड्यांवर बायकांना हंडे घेऊन दरीत उतरावे लागते. बेसॉल्टचा कातळ पाणी धरत नाही. ते सापडते फक्त झिजलेल्या थरात आणि भेगांत. बोअर मारायची तर पैसे मोठे, म्हणून आधी पाणाड्याला बोलावतात. तो बेचक्याची फांदी किंवा तळहातावर नारळ घेऊन शिवारात फिरतो. नारळ उभा राहिला की जागा ठरली.

पाणाड्यांची नेटकी परीक्षा जर्मनीत कासेल इथे १९९० साली झाली. जमिनीत अर्धा मीटर खोल नळ पुरला होता. त्यातून पाणी वाहते आहे की नाही, एवढेच ओळखायचे होते. ३० पाणाड्यांनी अटी आधी तपासून मान्य केल्या होत्या, यशाची खात्रीही दिली होती. निकाल नाणेफेकीच्या पातळीवर आला. गावातला पाणाड्या यशस्वी दिसतो याची कारणे वेगळी आहेत. बऱ्याच जणांना जमिनीचा उतार, झाडे, ओलावा यांचे अनुभवाने आलेले ज्ञान असते. शिवाय लागलेल्या बोअरची कथा पंचक्रोशीत फिरते, कोरड्या बोअरची फिरत नाही. त्या जाणकारीचा मान ठेवावाच, पण पैसे घालण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाचा सल्ला घ्यावा. ही सरकारी यंत्रणा १९७२ पासून महाराष्ट्रात आहे.

हयात घालणारे शास्त्रज्ञ

मन थेट मनाशी बोलते का, मृत्यूनंतर काही उरते का, भविष्य आधी कळते का, हे प्रश्न घेऊन १८८२ साली लंडनमध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च ही संस्था निघाली. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम बॅरेट, तत्त्वज्ञ हेन्री सिजविक आणि फ्रेडरिक मायर्स हे तिच्या आरंभीच्या लोकांत होते. थॅलियम मूलद्रव्य शोधणारे विल्यम क्रुक्स आणि रेडिओलहरींवर काम करणारे ऑलिव्हर लॉज हेही याच वाटेने गेले. पहिल्या महायुद्धात लॉज यांचा मुलगा रेमंड मारला गेला. मृतांशी बोलू शकतो म्हणणाऱ्या 'माध्यमां'तून त्याच्याशी संवाद होतो अशी त्यांची खात्री पटली आणि १९१६ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. मायर्स यांनी मरणाआधी एक बंद पाकीट लॉज यांच्याकडे ठेवले होते, आतला मजकूर मृत्यूनंतर माध्यमातर्फे कळवण्यासाठी. ते १९०४ साली उघडले. माध्यमाने सांगितलेला मजकूर आणि आतला मजकूर जुळला नाही.

या मंडळींत सर्वांत विचार करायला लावणारे नाव शार्ल रिशे यांचे. विषाचा दुसरा, अगदी थोडा डोसही शरीराला मारक ठरू शकतो, हा ॲनाफिलॅक्सिसचा शोध त्यांनी पोर्तिए यांच्यासह १९०२ साली लावला आणि त्याबद्दल त्यांना १९१३ चे नोबेल मिळाले. आज महाडला सर्पदंशाच्या रुग्णाला प्रतिलस देताना डॉक्टर ज्या प्रतिक्रियेवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात, ती हीच. याच रिशेंनी १८८४ साली पत्ते ओळखण्याच्या प्रयोगात संभाव्यतेचे गणित आणले, म्हणजे अतींद्रिय शक्तीच्या शोधाला मोजमापाची शिस्त लावली. आणि याच रिशेंनी अंधाऱ्या खोलीत माध्यमाच्या अंगातून निघणाऱ्या कथित द्रव्याला 'एक्टोप्लाझम' हे नाव दिले आणि ते खरे मानले. प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करताना ते तुलना करत, नोंदी ताडून पाहत. माध्यमाच्या खोलीत उजेड किती आणि कोण कुठे बसणार हे माध्यम ठरवी. माणूस एकच, बुद्धी तीच, पण अटी दुसऱ्याच्या हातात गेल्या की नोबेलविजेताही फसतो. बुद्धिमत्तेवर विसंबू नये, पद्धतीवर विसंबावे, हा या साऱ्या शोधाचा पहिला धडा आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी पंचवीस वर्षे या विषयात घालवल्यावर १९०९ साली प्रांजळपणे लिहिले की, सिद्धान्ताच्या दृष्टीने आपण जिथे सुरुवातीला होतो तिथेच आहोत. त्यानंतर जोसेफ बँक्स ऱ्हाइन यांनी ड्यूक विद्यापीठात प्रयोगशाळा उभारली. वर्तुळ, अधिक चिन्ह, लाटा, चौकोन, तारा अशा पाच चिन्हांचे २५ पत्ते, न पाहता ओळखायचे. नुसत्या अंदाजाने सरासरी पाच बरोबर येतात, ऱ्हाइनना जास्त मिळाले. १९३४ साली त्यांचे पुस्तक आले आणि जगभर खळबळ उडाली. पण पत्ते पातळ असल्याने मागून चिन्ह दिसू शकते, अशा त्रुटी पुढे आल्या. बंदोबस्त जसजसा कडक झाला, तसतसे यश आटत गेले. ऱ्हाइनच्या संस्थेचे प्रमुख झालेले तरुण संशोधक १९७४ साली निकालांत फेरफार करताना त्यांच्याच सहकाऱ्यांना सापडले, आणि ते ऱ्हाइन यांनी स्वतः जाहीर केले.

सूझन ब्लॅकमोर यांची गोष्ट उलट दिशेची. १९७० साली ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थिनी असताना त्यांना शरीराबाहेर तरंगत असल्याचा जिवंत अनुभव आला. तो खरा ठरवायचा या जिद्दीने त्यांनी परामानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रयोग केले. शक्तीचा पुरावा मिळेना, तेव्हा त्यांनी तसे सांगून टाकले. अनुभव खरा होता, त्याचे कारण मेंदूत होते.

ताजा धक्का २०११ चा. नामवंत मानसशास्त्रज्ञ डॅरिल बेम यांनी हजाराहून अधिक लोकांवर केलेले नऊ प्रयोग प्रसिद्ध केले आणि पुढे घडणाऱ्या गोष्टीची चाहूल आधी लागते असा निष्कर्ष काढला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या तिघा संशोधकांनी त्यांतला एक प्रयोग तीनदा करून पाहिला, हाती काही आले नाही. मग प्रश्न फिरला: नेहमीच्याच पद्धतींनी असा निष्कर्ष निघत असेल, तर त्याच पद्धतींनी सिद्ध झालेले बाकीचे मानसशास्त्र कितपत भक्कम? प्रयोगाआधीच आराखडा नोंदवून ठेवायचा आणि निकाल काहीही आला तरी छापायचा, या आजच्या शिस्तीला त्या धक्क्याने मोठा जोर दिला.

महाराष्ट्रातला शोध

आपल्याकडच्या अशा समजुतींची जुनी टिपणे रायगड जिल्हा कुलाबा असतानाची आहेत. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने कोकणातल्या शाळामास्तरांना प्रश्नावल्या पाठवून भूतपिशाच्च, दृष्ट, मंत्र यांविषयी माहिती गोळा केली. १९०९ साली नाशिकला त्यांची हत्या झाल्यावर एन्थोवन या अधिकाऱ्याने ती संपादित करून १९१५ साली प्रसिद्ध केली. त्यात समजुती मिळतात, पडताळणी नाही.

पडताळणीच्या जवळ जाणारे प्रकरण नागपूरचे. १९७४ साली एका सुशिक्षित मराठी स्त्रीला मधूनमधून आपण जुन्या काळातली बंगाली बाई आहोत असे वाटू लागले, आणि त्या अवस्थेत ती मराठी न बोलता बंगाली बोले. व्हर्जिनिया विद्यापीठाचे इयान स्टीव्हन्सन यांनी पुनर्जन्माच्या दाव्यांची अडीच हजारांहून अधिक प्रकरणे जमवण्यात हयात घालवली. ते सतवंत पसरिचा यांच्यासह नागपूरला आले. मानसशास्त्राचे अभ्यासक व. वि. अकोलकर यांनीही हे प्रकरण बारकाईने पाहिले. या बाई पूर्वी थोडे बंगाली शिकल्या होत्या हे नोंदलेले आहे. तेवढ्याने इतके अस्खलित बोलता येईल का, यावर अभ्यासकांत मतभेद राहिले. स्टीव्हन्सन यांची चिकाटी आणि कष्ट वंदनीय आहेत. अडचण अशी की, अशी प्रकरणे घडून गेल्यावर, आठवणींतून तपासावी लागतात. तुलनेला दुसरा गट नसतो. म्हणून त्यांतून कुतूहल जागे राहते, निर्णय मिळत नाही.

निर्णय देणारा प्रयोग पुण्यात झाला. डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० कुंडल्या घेतल्या: १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या. कुंडली कुणाची हे ज्योतिषालाही ठाऊक नाही आणि हाताळणाऱ्यालाही नाही, अशी व्यवस्था केली. प्रत्येक ज्योतिषाला ४० कुंडल्या पाठवल्या. मूल हुशार की मतिमंद, एवढेच सांगायचे. ४० पैकी २८ बरोबर आल्या तर ज्योतिषात तथ्य मानू, हे आधीच ठरले होते. ५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी यश ४६ टक्के आले, सर्वांत चांगली कामगिरी २४ ची. एका संस्थेने सर्व २०० कुंडल्या पाहिल्या, १०२ बरोबर आल्या. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. विश्वाच्या उत्पत्तीवर काम करणाऱ्या नारळीकरांनी २०२५ साली जगाचा निरोप घेईपर्यंत हा आग्रह सोडला नाही: दाव्याची थट्टा करू नका, त्याला परीक्षेला बसवा.

दाभोलकरांच्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने चमत्कार सिद्ध करणाऱ्याला २१ लाख रुपयांचे आव्हान दिले, ते कुणी जिंकलेले नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली एक नोंद महाड-पोलादपूरने तोंडपाठ करावी अशी आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत.

निष्कर्ष

'शक्ती परीक्षेत येत नाही, श्रद्धा नसेल तिथे ती काम करत नाही', असा बचाव नेहमी होतो. पण विषाला श्रद्धा-अश्रद्धा कळत नाही. मंत्राने ते उतरत असेल, तर उतरवलेल्या आणि न उतरवलेल्या रुग्णांत फरक दिसायलाच हवा. पावणेदोनशे वर्षांत, जिथे जिथे तुलना चोख झाली, तिथे तिथे असा फरक दिसलेला नाही. हा निकाल शत्रूंनी लावलेला नाही. ऱ्हाइन, जेम्स, ब्लॅकमोर यांच्यासारख्या, शक्ती सापडावी म्हणून आयुष्य वेचलेल्या माणसांच्या वह्यांतून तो निघाला आहे. त्यांचे श्रम वाया गेले असे मला वाटत नाही. अंदाजाने किती बरोबर येईल हे आधी मोजणे, तपासणाऱ्यालाही उत्तर ठाऊक नसणे, चिठ्ठीने गट पाडणे, या शिस्तीची घडण काही अंशी याच शोधात झाली, आणि आज तिच्यावरच औषधांच्या चाचण्या उभ्या आहेत.

भगताला खलनायक ठरवूनही भागणार नाही. रात्री, भर पावसात, रस्ता नसलेल्या वाडीवर तोच पहिला माणूस असतो, आणि लोकांचा त्याच्यावर विश्वास असतो. त्याने झाडाझुडपांची माहिती पिढ्यान् पिढ्या जपली आहे. ती शक्ती नव्हे, पण ती मोलाची आहे. त्याला घाम, उलट्या, गार हातपाय ही तीन लक्षणे ओळखायला शिकवले आणि रुग्णाला त्याच क्षणी पुढे धाडण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली, तर तो जीव वाचवील. आरोग्य केंद्रांनी आणि ग्रामपंचायतींनी हे काम हाती घ्यावे.

भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसे सर्पदंशाने मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, बहुतेक खेड्यांतली. मण्यारीचा दंश तर झोपेत कळतही नाही. म्हणून महाड-पोलादपूरच्या प्रत्येक घराला विनंती आहे: विंचू किंवा साप चावला तर आधी १०८ ला फोन करा, रुग्णाला जवळच्या आरोग्य केंद्रात न्या. मंत्र म्हणायचाच असेल तर गाडीत म्हणा, पण गाडी त्यासाठी थांबवू नका.